कात्री ते अंगठा : चित्रफितीचे संकलन सोपे कसे होत गेले

(१) दर शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या कुठल्यातरी किल्ल्यावरून कुणीतरी मोबाइलमध्ये चाळीस-पन्नास तुकडे चित्रित करून उतरते. घरी आल्यावर पहिला प्रश्न पडतो : नवशिक्याला जमेल असे सोपे व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर कोणते? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे. त्याचे उत्तर जेव्हा जेव्हा बदलले, तेव्हा कात्री नव्या हातांत गेली. त्या कात्रीची ही गोष्ट. थ्रेड. 👇

(२) सुरुवातीला कात्री नव्हतीच. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां कॅफेमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चित्रफिती दाखवल्या. प्रत्येक फीत जेमतेम पन्नास सेकंदांची होती, आणि एकाच जागेवरून एका दमात टिपलेली. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईतल्या वॉटसन हॉटेलात हा खेळ झाला. प्रेक्षक थक्क झाले, पण त्यांनी जे पाहिले त्यात 'संकलन' म्हणावे असे काही नव्हते. कॅमेरा सुरू झाला आणि बंद झाला, एवढेच.

(३) जोड सापडला तो बिघाडातून, असे सांगितले जाते. जॉर्ज मेलिए हा फ्रेंच जादूगार पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण करत असताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पुन्हा चालू झाला. पडद्यावर पाहतो तर प्रवासी गाडीच्या जागी अचानक शववाहिका! ही हकिगत स्वतः मेलिएनेच सांगितलेली आहे, त्यामुळे तिच्यात जादूगाराचे थोडे मीठमसाला असणे अशक्य नाही. पण तिच्यातला शोध खरा आहे : दोन क्षणांमधला काळ काढून टाकता येतो, आणि प्रेक्षकाचे मन ती फट स्वतःच भरून काढते.

(४) ही किमया हातांनी करणे किती कष्टाचे होते? ३५ मिलिमीटरच्या एका फूट फितीवर १६ चित्रे बसतात. म्हणजे हजार फुटांच्या रिळावर सोळा हजार चित्रे. संकलक फीत उजेडासमोर धरायचा, भिंगातून नेमके चित्र शोधायचा, कात्रीने कापायचा, टोकावरचा रासायनिक थर खरवडायचा आणि विशिष्ट द्रावाने दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा. चूक झाली तर चित्र कायमचे गेले. तेव्हा 'अनडू'चे बटण नव्हते.

(५) आपल्याकडे हे काम एका स्वयंपाकघराच्या शेजारी सुरू झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्या. कोऱ्या फितीला कडेची भोके पाडलेली नसत. ती रात्री अंधारात यंत्राने पाडणे, फीत धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांनी केले. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये एक गृहिणी होती, ही गोष्ट श्रेयनामावलीत मात्र दिसत नाही.

(६) हॉलिवूडमध्येही सुरुवातीला हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे होते. फीत कापणे, जोडणे, क्रमाने लावणे म्हणजे शिवणटिपण, असा मालकांचा समज. पगार कमी आणि पडद्यावर नाव नाही. पुढे ध्यानात आले की चित्रपट खरा घडतो तो याच टेबलावर. मग प्रतिष्ठा आली आणि प्रतिष्ठेबरोबर पुरुषही आले. ॲन बॉकन्स, मार्गारेट बूथ यांच्यासारख्या काहीजणी टिकून राहिल्या. बॉकन्स यांना १९४० सालच्या एका चित्रपटासाठी संकलनाचे ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. एखादे काम 'सोपे' ठरवले जाते तेव्हा ते कोण करत आहे, हे आधी पाहावे.

(७) संकलनाची खरी ताकद मात्र टंचाईने शिकवली. क्रांतीनंतरच्या रशियात कोरी फीत मिळेना. लेव्ह कुलेशोव्ह याने जुन्या तुकड्यांवरच प्रयोग केले. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याच्यापुढे कधी सुपाची वाटी जोडली, कधी शवपेटी, कधी एक तरुणी. चेहरा तोच, तरी प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. अर्थ तुकड्यात नसतो, तुकड्यांच्या शेजारात असतो, हा धडा आजही प्रत्येक रीलमागे आहे. बातम्यांच्या संदर्भ तोडलेल्या क्लिपांमागेही तोच आहे.

(८) आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधीही विसरू नये असे नाव : एस्फिर शूब. १९२७ मध्ये तिने रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तोही मुख्यतः जुन्या वार्तापटांतून आणि दरबारी चित्रणांतून. झारच्या कौतुकासाठी टिपलेली दृश्ये तिने अशा क्रमाने लावली की तीच झारविरुद्ध साक्ष देऊ लागली. मराठीत चित्रपटाच्या या कामाला आपण 'संकलन' म्हणतो, आणि इतिहासकारही साधनांचे संकलनच करतो. शूबने दोन्ही अर्थ एका टेबलावर आणले. संकलन म्हणजे केवळ सजावट नाही. ते अर्थ लावणे आहे.

(९) आता 'सोप्या यंत्रा'च्या इतिहासातला पहिला विनोद. १९१७ मध्ये इवान सेरुरिए याने घरबसल्या चित्रपट पाहण्यासाठी एक प्रोजेक्टर तयार केला. दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनसारखा तो घरोघरी जाईल, ही अपेक्षा. किंमत सुमारे ६०० डॉलर, घेणार कोण? यंत्र पडून राहिले. १९२४ मध्ये एका संकलकाच्या सूचनेवरून त्याचे रूप बदलले आणि जन्मली 'मूव्हिओला'. सामान्यांसाठी बनलेले यंत्र व्यावसायिकांचे झाले आणि पुढची कित्येक दशके त्यांचेच राहिले. आता फीत हलत असताना पाहता येत होती, थांबवून नेमक्या चित्रावर खूण करता येत होती. आवाज मात्र शिलाई यंत्रासारखा खडखडाट.

(१०) पुढे जर्मन 'स्टीनबेक' आले. त्याच्या आडव्या टेबलावर फिरणाऱ्या थाळ्यांवरून फीत शांतपणे आणि कमी ओरखड्यांनी धावे. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी अशाच टेबलांवर कापणे-जोडणे शिकले. 'जाने भी दो यारों' आणि 'परिंदा'च्या संकलक रेणू सलुजा त्याच संस्थेच्या. पण लक्षात घ्या : ही कला शिकायची तर संस्थेत प्रवेश हवा किंवा स्टुडिओत उमेदवारी हवी. यंत्र सुधारले होते, दार अजून अरुंदच होते.

(११) १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने व्हिडिओटेप आणली. दूरचित्रवाणीला ती वरदान वाटली, पण संकलकाला तो शापच होता. फिल्मवर चित्र डोळ्यांना दिसते. चुंबकीय टेपवर काहीच दिसत नाही. मग टेपवर लोहकणांचा द्राव लावून चुंबकीय रेघा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी जागा शोधायची आणि पात्याने कापायचे. नवे तंत्रज्ञान म्हणजे आपोआप सोपे तंत्रज्ञान, या समजुतीला इतिहासातला हा सणसणीत अपवाद.

(१२) टेप कापणे परवडेना, म्हणून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करत जाण्याची रीत आली. इथे एक मूलभूत फरक समजून घ्यावा. फिल्म ही सुट्या पानांच्या पोथीसारखी : मधले पान काढा, दुसरे घाला, बाकीची जागच्या जागी. टेप ही शाईने भरत नेलेल्या बांधीव वहीसारखी : दहाव्या पानावर दोन ओळी वाढल्या की पुढचे सगळे पुन्हा लिहा. शिवाय नकलेची नक्कल करताना प्रत्येक पिढीत चित्र फिकट होत जाते. बखरींच्या नकला हाताळणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

(१३) तरीही याच टेपने कात्री पहिल्यांदा गावागावांत नेली. घरगुती व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये जपानात आली, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे लग्नाची कॅसेट ही रीतच झाली. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन व्हीसीआर जोडून 'मिक्सिंग' चाले. फुलांच्या चौकटीत वधूवर, मंगलाष्टकांवर सनई, शेवटी चित्रपटातले गाणे. समीक्षकांनी त्याची दखल घेतली नाही. पण चित्रपटसृष्टीशी कसलाही संबंध नसलेल्या, पाहून-पाहून शिकलेल्या कारागिरांची ती पहिली मोठी फळी होती. त्या कॅसेटी आज बुरशीने खराब होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर एका काळाचा पेहराव, मांडव आणि बोलीही जात आहे.

(१४) सुट्या पानांची पोथी पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न संगणकाने केला. १९७१ चे 'सीएमएक्स ६००' हे यंत्र चित्र चुंबकीय तबकड्यांवर साठवी आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर टेकून कुठलाही तुकडा कुठेही लावता येई. चित्र कृष्णधवल आणि कमी दर्जाचे. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. मोजकीच यंत्रे विकली गेली. कल्पना मात्र क्रांतिकारक होती : मूळ सामग्रीला हात लावायचाच नाही, फक्त 'कुठून कुठपर्यंत काय घ्यायचे' याची यादी करायची. आजचे प्रत्येक सॉफ्टवेअर हेच करते. प्रोजेक्ट फाइल ही ती यादी असते. मूळ चित्रण वेगळेच राहते.

(१५) १९८९ मध्ये बिल वॉर्नर यांच्या कंपनीने 'ॲव्हिड' बाजारात आणले, तेही मॅकिंटॉश संगणकावर. सुरुवातीला जुने संकलक हसले. फीत बोटांनी चाचपल्याशिवाय लय कशी कळणार, हा त्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पण १९९६ चा 'द इंग्लिश पेशंट' वॉल्टर मर्च यांनी ॲव्हिडवर पूर्ण केला आणि संकलनाचे ऑस्कर मिळाले. डिजिटल संकलनाला मिळालेला तो पहिला ऑस्कर. वाद तिथे संपला. यंत्रणेची किंमत तेवढी सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिली.

(१६) नवशिक्याचा दिवस उगवला तो ऑक्टोबर १९९९ मध्ये. ॲपलने १,२९९ डॉलरच्या आयमॅकबरोबर 'आयमूव्ही' दिले. कॅमेऱ्यातून एक फायरवायरची वायर संगणकाला जोडली की चित्रण आत. प्रत्येक तुकडा फोटोच्या स्लाइडसारखा दिसे. उचलायचा आणि खालच्या पट्टीवर ठेवायचा. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, 'विंडोज मी'सोबत 'मूव्ही मेकर' आले. २००५ मध्ये यूट्यूब आले आणि केलेले दाखवायला जागाही मिळाली. निर्मिती, संकलन आणि प्रदर्शन ही तिन्ही दारे साधारण सहा वर्षांत उघडली.

(१७) सोपेपणाचे हे श्रेय कुणाचे, असे विचाराल तर रँडी उबिलोस हे नाव घ्यावे लागते. १९९१ चे ॲडोबी प्रीमियर आणि १९९९ चे फायनल कट प्रो या दोन्हींच्या मुळाशी हाच प्रोग्रामर. पुढे सुट्टीतले चित्रण झटपट लावता यावे म्हणून त्याने आयमूव्ही नव्याने रचले. २००७ ची ती आवृत्ती आली तेव्हा नेहमीची टाइमलाइनच गायब! लोक इतके चिडले की ॲपलला जुनी आवृत्ती मोफत उपलब्ध करून द्यावी लागली. २०११ मध्ये तोच विचार फायनल कट प्रो टेनमध्ये आला. जुन्या आवृत्तीतली प्रोजेक्ट्स त्यात उघडेनात आणि व्यावसायिकांनी रान उठवले. एकाला सोपे वाटते ते दुसऱ्याला हात बांधल्यासारखे वाटते.

(१८) उलट दिशेनेही प्रवास झाला. 'दा विंची' ही रंगसंस्काराची यंत्रणा एकेकाळी लाखो डॉलरची, बड्या स्टुडिओंपुरती. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली, २०११ मध्ये 'रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती दिली आणि पुढे त्यात पूर्ण संकलनही आणले. दुसरीकडे केडेनलाइव्ह, ओपनशॉट, शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअरे स्वयंसेवकांच्या बळावर उभी राहिली. अडीच लाख डॉलरपासून शून्य रुपयांपर्यंत : चाळीस वर्षांचा हा उतार छपाईच्या इतिहासाची आठवण करून देतो.

(१९) पण फुकटालाही किंमत असते. १० जानेवारी २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकरचा अधिकृत आधार काढून घेतला. त्यावर वाढलेल्या एका पिढीच्या प्रोजेक्ट फाइली हळूहळू न उघडणाऱ्या कुलपांसारख्या झाल्या. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. त्या निर्णयाची कारणे वेगळी, त्याची चर्चा वेगळी. पण खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलामुलींनी ज्या ॲपमध्येच चित्रित केले, तिथेच कापले आणि तिथेच ठेवले, त्यांचे काम एका रात्रीत हाताबाहेर गेले. ज्याने मूळ चित्रण वेगळे जपले होते, त्याचे फक्त ॲप गेले.

(२०) म्हणून या इतिहासातून नवशिक्यासाठी निकष काढायचे तर ते असे :
• मूळ चित्रणाला धक्का न लावता काम होते का?
• तयार चित्रफीत सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात (एमपी४) आणि कंपनीच्या शिक्क्याविना बाहेर काढता येते का?
• हाताशी असलेल्या संगणकावर किंवा फोनवर ते अडखळल्याशिवाय चालते का?
• इंटरनेट किंवा खाते बंद झाले तरी आपले काम आपल्याकडे राहते का?
बटणे किती कमी आहेत, हा प्रश्न यानंतरचा.

(२१) मराठी माणसासाठी आणखी एक कसोटी : देवनागरी. कितीतरी सॉफ्टवेअरांत शीर्षक लिहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, रफार हरवतो, जोडाक्षर फुटते. निवड करण्याआधी 'किल्ला', 'दुर्ग' आणि 'राष्ट्र' हे तीन शब्द टाइप करून पाहावेत. तिन्ही नीट उमटले तर पुढे जावे. गडाच्या इतिहासावरची फीत आणि नावातच मोडके अक्षर, हे शिलालेखाचे चुकीचे वाचन छापण्यासारखे आहे.

(२२) प्रत्यक्ष निवड? आयफोन असेल तर आयमूव्ही. त्यात शिकण्यासारखे फारसे नाही, हेच त्याचे बलस्थान. अँड्रॉइडवर काइनमास्टर समर्थ आहे, पण मोफत आवृत्तीत शिक्का येतो. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प मिळतेच. साधा लॅपटॉप असेल तर शॉटकट किंवा ओपनशॉट. दोन्ही मोफत, शिक्का नाही. यंत्र दमदार असेल आणि पुढे गंभीरपणे काम करायचे असेल तर रिझॉल्व्ह. पहिला आठवडा जड जाईल, नंतर सॉफ्टवेअर बदलावे लागणार नाही. कुठलेही घ्या, पण पहिली फीत दोन मिनिटांची करा आणि ती पूर्ण करा.

(२३) आणि संक्रमणांचे शंभर प्रकार दिसले म्हणून ते सगळे वापरू नयेत. पान उलटणे, चक्राकार फिरणे, तारा फुटणे यांपैकी काहीही कुलेशोव्हजवळ नव्हते. त्याच्याजवळ एक साधा जोड होता, आणि 'या तुकड्याशेजारी तो तुकडा का?' हा प्रश्न होता. तटबंदीच्या दृश्याला लागून कुणाचे शब्द ठेवायचे : बखरकाराचे, इंग्रज अधिकाऱ्याचे, की गडाखालच्या वाडीतल्या आजीचे? हा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही. ती जबाबदारी संकलकाची, म्हणजेच इतिहास सांगणाऱ्याची.

(२४) शेवटी पुन्हा 'राजा हरिश्चंद्र'. चार रिळांच्या त्या चित्रपटातली फक्त पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत. तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मधली दोन गेली. सरस्वतीबाईंनी अंधारात भोके पाडलेल्या त्या फितीतला एखादा तरी तुकडा आपण आज पाहतो आहोत का, हेही खात्रीने सांगता येत नाही.

(२५) वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड उभे राहिले. त्या परंपरेचा धडा असा की अर्थ नंतर कितीही वेळा लावता येतो, आधी मूळ कागद जपावा. मोबाइलमधले न कापलेले चित्रण हा आजचा मूळ कागद. किल्ल्याखालच्या आजीशी झालेले चाळीस मिनिटांचे बोलणे दोन मिनिटांत बसवा, जरूर बसवा. पण ती चाळीस मिनिटे, तारीख आणि गावाच्या नावासह, दोन वेगळ्या जागी जपून ठेवा. सॉफ्टवेअर बदलेल, ॲप जाईल. पन्नास वर्षांनी कुणीतरी त्याच चित्रणावर नवी कात्री चालवेल आणि आजच्या संकलकाने वगळलेले वाक्य नेमके त्याला हवे असेल.

थ्रेड समाप्त.
#मराठी #इतिहास #चित्रपटइतिहास